कागदावरचा प्रवेश अर्ज आणि स्क्रीनवरचा अर्ज: दोघांचा मेळ कसा घालायचा?

खिडकी_तीन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे मनात घोळतंय, आज सविस्तर लिहिते.

मी एका विद्यापीठाच्या नावनोंदणी विभागात नऊ वर्षं काम करते आहे. विद्यार्थी चार पानी छापील अर्ज भरून देतात आणि आम्ही काउंटरमागे बसून तो संगणकात चढवतो. काही जण थेट ऑनलाइन भरतात आणि प्रिंटवर सही करून आणून देतात. एकाच माहितीची दोन रूपं रोज माझ्या टेबलावर असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो.

मागच्या महिन्यात एक दिवस मी शेजारच्या सहकाऱ्याजवळ नुसती बघत बसले. डाव्या हाताचं बोट कागदावर, उजवा हात कीबोर्डवर. कागदावर आधी नाव, मग जन्मतारीख, पत्ता, आधीचं शिक्षण आणि शेवटच्या पानावर अभ्यासक्रम. स्क्रीनवर सुरुवातच अभ्यासक्रमाच्या कोडने. त्यानंतर फोन, मग नाव, मग एकदम पात्रता परीक्षेचे गुण, आणि पत्ता सगळ्यात शेवटच्या टॅबमध्ये. एका अर्जासाठी त्याने अकरा वेळा पान उलटलं. मी रेघा मारून मोजलं. गर्दीच्या दिवसांत असे साठ-सत्तर अर्ज एका माणसाच्या वाट्याला येतात.

वेळ जातो तो जातोच, पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. कागदावर 'शिक्षणाचा प्रकार' या प्रश्नाला तीन चौकटी आहेत: १ पूर्णवेळ, २ अर्धवेळ, ३ दूरस्थ. स्क्रीनवरच्या यादीत हेच तीन पर्याय वर्णानुक्रमे लावलेत: अर्धवेळ, दूरस्थ, पूर्णवेळ. आणि त्या यादीतही १ दाबलं की पहिला पर्याय निवडला जातो. कागदावर १ वर खूण पाहिली, हाताने १ दाबलं, टॅब मारून पुढे गेलं. पूर्णवेळ शिकणारी मुलगी अर्धवेळ म्हणून नोंदली गेली. तिला ते कळलं चार महिन्यांनी, शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नाही म्हणून विचारायला आली तेव्हा. मी तिचा मूळ अर्ज काढला. निळ्या शाईत, पहिल्या चौकटीत स्पष्ट खूण होती. तिने काहीही चुकवलं नव्हतं. नोंद करणाऱ्यानेही, खरं सांगायचं तर, कागदावर होतं तेच दाबलं होतं.

दुरुस्ती झाली, पण ती शिष्यवृत्ती त्या सत्रापुरती गेलीच.

आता मी हा विषय लावून धरला आहे. संगणकवाले म्हणतात कागद बदला, प्रणालीला हात लावणं महाग पडतं. छपाईवाले म्हणतात पुढच्या दोन वर्षांचे अर्ज छापून गोडाऊनमध्ये पडलेत. तुमच्यापैकी कुणी हे काम केलं असेल तर सांगा: कुणी कुणाप्रमाणे बदलायचं?

दोन_टोकं

ताई, मी अशाच प्रणाली बनवतो, त्यामुळे आधी आमच्या बाजूने हे असं का होतं ते सांगतो. स्क्रीन बनवणाऱ्यासमोर बहुतेक वेळा छापील अर्ज नसतोच. त्याच्यासमोर डेटाबेसचे तक्ते असतात. विद्यार्थी हा एक तक्ता, पत्ता हा दुसरा, अभ्यासक्रम तिसरा. तक्ता तशी टॅब, असं सरळ उतरवलं जातं. अभ्यासक्रम आधी विचारतात, कारण त्याचा कोड मिळाल्याशिवाय पुढची नोंद तयार होत नाही. ही आमची सोय आहे आणि ती तुमच्या सहकाऱ्याच्या बोटांवर लादलेली आहे. पर्यायांचा वर्णानुक्रम तर कुणी ठरवलेलासुद्धा नसतो. यादी आपोआप तशी लागते आणि कुणी बघत नाही.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: कुणी कुणाप्रमाणे बदलायचं नाही. दोघांच्याही आधी एक तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे प्रश्नांची यादी. साधा तक्ता करा. प्रश्न क्रमांक, प्रश्नाचे नेमके शब्द, उत्तराचे पर्याय त्यांच्या क्रमाने आणि कोडसह, हे उत्तर विद्यापीठात कोण वापरतं, कशासाठी वापरतं, आणि रिकामं सोडलं तर चालेल का. हा तक्ता एकाच माणसाच्या ताब्यात हवा. छपाई त्यातून आणि स्क्रीनही त्यातूनच.

आम्ही एकदा असा तक्ता केला तेव्हा 'कोण वापरतं' या रकान्यात कितीतरी प्रश्नांपुढे कुणाचंच नाव आलं नाही. ते प्रश्न दोन्हीकडून काढून टाकले. मेळ घालण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. मेळ म्हणजे हुबेहूब नक्कल नव्हे. मी असे पडदे पाहिलेत जिथे कागदाचं पान जसंच्या तसं स्क्रीनवर चितारलंय, बारीक अक्षरं, दुहेरी रकाने, 'मागील पानावर पाहा' सकट. कागदाला सगळे प्रश्न सगळ्यांना दाखवावे लागतात, म्हणून तिथे 'असल्यास' आणि 'लागू नसल्यास प्रश्न २३ कडे जा' लिहावं लागतं. स्क्रीनला तो प्रश्न दाखवायचीच गरज नाही. ते करावं. पण २३ ला २३ च म्हणावं. मधले प्रश्न दिसत नाहीत म्हणून नवे क्रमांक देऊ नयेत.

टकटक

डेटा एंट्रीत आयुष्य गेलं माझं, आता निवृत्त आहे. खिडकी_तीन यांनी लिहिलेलं ते बोट आणि तो हात वाचून थेट माझी खुर्ची आठवली.

संगणकवाल्यांना एक कळकळीने सांगतो. कागदावरून नोंद करणारा माणूस स्क्रीनकडे बघत नाही. त्याची नजर कागदावर असते. स्क्रीनकडे तो फक्त थांबल्यावर बघतो. म्हणून टॅब दाबला की कर्सर कुठे जाणार हे त्याच्या बोटांना न बघता माहीत हवं. तो क्रम कागदाच्या क्रमासारखा असला की हाताला एक लय लागते. मधेच एखादी यादी आली जी माउसशिवाय उघडत नाही, तर हात कीबोर्डवरून उठतो, नजर कागदावरून उठते, आणि परत येताना ओळ चुकते. चुका होतात त्या परत येताना. रकाना भरला की कर्सर आपोआप पुढे उडी मारतो ती सोय तर मला कधीच मानवली नाही. कधी उडी मारते, कधी नाही, मग फोन नंबरचा शेवटचा आकडा पुढच्या रकान्यात जाऊन बसतो.

पूर्वी पंचकार्डांच्या काळात यावर एक जबर उपाय होता. आयबीएमचं ८० रकान्यांचं कार्ड १९२८ सालचं. एक जण कार्डावर भोकं पाडायचा आणि दुसरा माणूस तोच कागद समोर ठेवून पडताळणी यंत्रावर तीच माहिती पुन्हा दाबायचा. दोघांचं जुळलं नाही की यंत्र तिथेच अडायचं. दुहेरी नोंद म्हणतात ती हीच, आणि आजही ती ठिकठिकाणी वापरतात.

पण तुमच्या त्या मुलीची चूक दुहेरी नोंदीनेही सापडली नसती. दुसऱ्यानेही कागदावर १ बघून १ च दाबलं असतं. दोघांचं जुळलं असतं आणि प्रणालीने ते बरोबर धरलं असतं. हाताची चूक दुसऱ्या हाताने सापडते. अर्जातच खोट असली तर सगळेच हात एकसारखे चुकतात.

पहिलं_सत्र

मी विद्यार्थिनी आहे. खिडकीच्या या बाजूची गोष्ट सांगते.

आमच्याकडे आधी ऑनलाइन भरायचं, मग त्याची प्रिंट आणि सोबत एक वेगळा छापील अर्जही द्यायचा असं होतं. छापील अर्जात 'पूर्ण नाव' अशी एकच लांब ओळ होती. स्क्रीनवर तीन रकाने: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्हींवर तारा. मला मधलं नाव नाही. कागदपत्रांत कुठेच नाही. रिकामं ठेवलं तर 'हा रकाना अनिवार्य आहे' असं लाल अक्षरांत यायचं. शेवटची तारीख होती, रात्रीचे अकरा वाजून गेले होते, मदतीचा फोन कुणी उचलत नव्हतं. मी त्या रकान्यात एक टिंब दिलं आणि अर्ज गेला.

ते टिंब आता माझ्या ओळखपत्रावर आहे. नाव, टिंब, आडनाव. गुणपत्रिकेवर आहे. परीक्षेच्या हजेरीपटावर आहे. छापील अर्जावर माझं नाव बरोबर आहे, तो त्यांच्याच कपाटात आहे, पण 'सिस्टिममध्ये जे आहे तेच खरं' असं उत्तर मिळतं. आता प्रतिज्ञापत्र करायला सांगितलंय, माझ्या नावात टिंब नाही म्हणून.

कागदावर मी मधलं नाव नाही म्हणून काही लिहिलं नाही, आणि कागदाने ते मान्य केलं. स्क्रीनने मला खोटं लिहायला लावलं. माझं एवढंच म्हणणं आहे की जे कागदावर रिकामं सोडता येतं ते स्क्रीनवरही सोडता आलं पाहिजे.

दोन_टोकं

@पहिलं_सत्र, हे वाचून फार वाईट वाटलं. आणि ही चूक आमच्याच जमातीची आहे. जगात एकच नाव असणारी माणसं आहेत, चार-पाच शब्दांचं नाव असणारी आहेत, आडनाव आधी लिहिणारी आहेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने व्यक्तिनामांवर मार्गदर्शन लिहिलंय, त्याचा गाभा हाच की नावाचे तुकडे खरोखर लागत नसतील तर पाडूच नका, पूर्ण नावाचा एकच रकाना द्या. पासपोर्टच्या आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा नावाचे दोनच भाग मानलेत, मुख्य आणि दुय्यम, आणि दुय्यम नसेल तरी चालतं. पासपोर्टला जे चालतं ते विद्यापीठाला का चालू नये?

कागदावरची रिकामी जागा दोन-तीन गोष्टी सांगू शकते: माहिती नाही, लागू नाही, किंवा भरायची राहिली. काउंटरवरचा माणूस विचारून त्यातला फरक करू शकतो. स्क्रीनवर तो फरक करायची सोय मुद्दाम द्यावी लागते. 'मला मधलं नाव नाही' अशी एक चौकट पुरली असती.

अक्षरशः

नावाचा विषय निघालाच आहे तर लिपीचंही बोलू. यावर कुणाचं लक्ष जात नाही.

छापील अर्जात नावासाठी चौकटी असतात, एका चौकटीत एक अक्षर. 'श्रीकृष्ण' हे नाव घ्या. हाताने लिहिणारा माणूस तीन चौकटी वापरेल: श्री, कृ, ष्ण. त्याच्या दृष्टीने ती तीन अक्षरं. आता युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक लिपीच्या चिन्हांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मोजा: श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, हलन्त, ण. नऊ. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट (साठवणीची एककं) लागतात, म्हणजे सत्तावीस. कागद म्हणतो तीन, प्रणालीचा एक थर म्हणतो नऊ, त्याखालचा थर म्हणतो सत्तावीस.

आता छापणाऱ्याने वीस चौकटी दिल्या आणि प्रणाली बनवणाऱ्याने तोच आकडा उचलून रकान्याची लांबी वीस ठेवली. कागदावर 'श्रीकृष्ण' वीसपैकी तीनच चौकटी घेतं, पण ती लांबी बाइटमध्ये मोजली गेली तर नाव सहाव्या चिन्हानंतर तुटतं. 'श्रीकृ' एवढंच उरतं. मी हे अगदी असंच तुटलेलं पाहिलंय, आणि पुढे दोन बाइटचा कचरा चौकोनासारखा दिसत होता.

दुसरा बारकावा आणखी छुपा आहे. 'ऱ्या' मधला अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र चिन्ह म्हणूनही लिहिता येतं आणि र ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, लावूनही. पडद्यावर दोन्ही एकसारखे. विद्यार्थ्याने घरी एका कीबोर्डवर टाइप केलं, काउंटरवर दुसऱ्या कीबोर्डवर झालं, आणि शोध घेतला की 'अशी नोंद आढळली नाही'. मग त्याच विद्यार्थ्याची दुसरी नोंद तयार होते. साठवण्याआधी मजकूर एका ठरलेल्या रूपात आणण्याची पद्धत युनिकोडनेच सांगून ठेवली आहे, ती वापरली की हा प्रश्न मिटतो. पण त्यासाठी हा प्रश्न आहे हे आधी कळायला हवं.

म्हणून दोन_टोकं यांच्या त्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला: लिपी कोणती आणि लांबी कशात मोजायची.

निपर

एवढी चर्चा कशासाठी? कागद बंद करा. एकच ऑनलाइन अर्ज ठेवा. दोन रूपं नाहीत तर मेळ घालायचा प्रश्नच उरत नाही. नोंद करणारा माणूस मधे नसेल तर त्याच्या चुकाही नाहीत. मला कागदाचा हा मोह समजत नाही, आणि मी हे चिडून नाही, अनुभवाने लिहितोय. आमच्या विभागात कागद गेला आणि कामाचा निम्मा ताण गेला.

ऐकून_वाचते

@निपर, तुमचा अनुभव खरा असणार, पण माझाही ऐका. मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर वापरते, म्हणजे संगणक मला स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. तुम्हाला वाटेल की मला तर ऑनलाइनच सोयीचं. चांगलं बनवलेलं असेल तर हो, शंभर टक्के. पण मी ज्या अर्जाशी झगडले तिथे रकान्यांना नावंच जोडलेली नव्हती. नाव शेजारी नुसतं छापल्यासारखं होतं. स्क्रीन रीडर म्हणायचा, 'मजकूर भरा, रिकामं'. पुढे, 'मजकूर भरा, रिकामं'. असे चौदा रकाने. लाल ताऱ्याचा अर्थ 'लाल तारा असलेले रकाने आवश्यक' असा वर लिहिला होता, आणि मला लाल ऐकू येत नाही. सूचना वेगळ्या पीडीएफमध्ये, आणि ती पीडीएफ म्हणजे छापील सूचनांचा स्कॅन केलेला फोटो. त्यात वाचण्यासारखं एक अक्षर नाही.

शेवटी भावाने छापील अर्ज समोर घेतला आणि मी स्क्रीनवर, असं आम्ही फोनवर बसून भरलं. तिथे तुम्ही सगळे बोलताय ती गोष्ट आली. तो म्हणाला, 'सतरावा प्रश्न, पत्रव्यवहाराचा पत्ता'. माझ्याकडे सतरावा असं काही नव्हतंच, आणि 'पत्रव्यवहाराचा' हा शब्दही नव्हता. माझ्याकडे 'सध्याचा पत्ता' होता. दोन्ही एकच आहेत का हे आम्हा दोघांनाही ठरवता येईना. प्रश्नांना तेच क्रमांक आणि तेच शब्द असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. आम्हाला पावणेतीन तास लागले.

वेबच्या सुलभतेची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीपासून रकान्याला नाव किंवा सूचना हवीच असं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत आणखी एक चांगली अट आली: एकाच प्रक्रियेत माणसाने एकदा दिलेली माहिती त्याला पुन्हा टाइप करायला लावू नये, ती आपोआप भरावी किंवा निवडता यावी. कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता एकच असेल तर 'वरीलप्रमाणे' लिहायची सोय कागदाला कायम होतीच. स्क्रीनला ती नियम करून आणावी लागली.

खिडकी_तीन

@निपर, कागद बंद झाला तरी माझा प्रश्न पूर्ण सुटत नाही हो. विद्यार्थी ऑनलाइन अर्ज भरतो तेव्हा त्याच्या मांडीवर काय असतं? आधीच्या शाळेची गुणपत्रिका, जन्माचा दाखला, नाव बदलल्याचा कागद. तेही कागदच. आमच्या स्क्रीनवर 'मिळालेले एकूण गुण' आधी आणि 'पैकी' नंतर आहे, बऱ्याच गुणपत्रिकांवर उलट असतं. दर वर्षी काही जणांचे गुण कमाल गुणांपेक्षा जास्त येतात, कारण त्यांनी डावीकडून उजवीकडे जसे दिसले तसे भरले.

शिवाय काउंटरवर रोज बघते, बरीच मुलं अर्ज घरी नेतात, घरच्यांसोबत बसून कोणता विषय घ्यायचा ते ठरवतात, आधी पेन्सिलीने लिहितात, खोडतात, मग शाईने गिरवतात. स्क्रीनवर वीस मिनिटं हात थांबला की लॉगइन जातं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. विचार करायला वेळ लागणं हा काही गुन्हा नाही.

निपर

गुणपत्रिकेचा मुद्दा पटला. मी फक्त आमच्या अर्जाचा विचार करत होतो, समोरच्याच्या हातात काय आहे त्याचा नाही केला. लॉगइनचंही खरं आहे. आमच्याकडे 'अर्धवट अर्ज जतन करा' ही सोय दुसऱ्या वर्षी आली, पहिल्या वर्षी आम्हीही लोकांना छळलं. कागद जावा हे मत कायम आहे, पण तो जाईपर्यंत दोघांचा मेळ हवा हे मान्य.

टकटक

तारखेबद्दल कुणीच बोललं नाही अजून! कागदावर ०३/०४ लिहिलं तर ३ एप्रिल की ४ मार्च? अर्ज देशोदेशीच्या विद्यार्थ्यांकडून येत असतील तर दोन्ही शक्य आहेत. कागदावर तीन सुट्या चौकटी द्या आणि प्रत्येकीखाली दिवस, महिना, वर्ष असं छापा. स्क्रीनवरही तीनच रकाने, त्याच क्रमाने. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडू नका. अठरा वर्षं मागे जाईपर्यंत दोनशेहून जास्त वेळा बाण दाबावा लागतो. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांची जी रचना-पद्धती आहे तीही माहीत असलेल्या तारखेसाठी हेच तीन साधे रकाने सांगते. आत साठवताना वर्ष-महिना-दिवस असं साठवा, तारखा लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहेच. पण ते आतलं आतच ठेवा. विद्यार्थ्याला त्या क्रमाने लिहायला लावू नका.

आणि छापील अर्जाचा क्रमांक. त्यात पडताळणीचा एक आकडा असू द्या, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेला. फर्हूफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये दिलेली पद्धत एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर दर वेळी पकडते. बँक कार्डांवर असते ती लूनची पद्धत ०९ चं ९० झालेलं पकडत नाही. नोंद करणाऱ्याचा हात तर शेजारच्या आकड्यांवरच जास्त चुकतो.

खिडकी_तीन

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, इथलं बरंचसं छापून मी बैठकीत नेलं होतं.

प्रश्नांचा तक्ता केला. बासष्ट प्रश्न होते, त्यातल्या नऊ प्रश्नांचं उत्तर कोण वापरतं हे कुणालाच सांगता आलं नाही. ते गेले. आत्ता पुन्हा छापायला पैसे नाहीत, म्हणून कागदाचा क्रम आहे तसा ठेवला आणि संगणक विभागाने नोंदीच्या पडद्यावरचा क्रम बदलला. ते महाग पडेल म्हणत होते. प्रत्यक्षात दोघा जणांचं चार दिवसांचं काम निघालं, कारण डेटाबेसचे तक्ते तसेच ठेवून फक्त वरचं दर्शन बदलायचं होतं. प्रत्येक रकान्याच्या डावीकडे कागदावरचा क्रमांक आला. शिक्षणाच्या प्रकारात आता १ म्हणजे पूर्णवेळच. मधल्या नावावरचा तारा गेला. @पहिलं_सत्र, मी तुझ्या विद्यापीठातली नाही, पण तुझी गोष्ट बैठकीत वाचून दाखवली तेव्हा त्या ताऱ्यावर वाद झाला नाही.

मग मागच्या वर्षीचे वीस अर्ज घेऊन त्याच सहकाऱ्याला बसवलं. अकरा वेळा उलटणारं पान आता दोनदा उलटतं. मी मोजत होते, तो नव्हता. संपल्यावर तो म्हणाला, 'मान दुखली नाही आज'. मला त्या आकड्यापेक्षा हे जास्त भिडलं.

एक अडकलंय. 'कायमचा पत्ता' हा कागदावरचा शब्द आणि 'निवासी पत्ता' हा स्क्रीनवरचा. कोणता ठेवायचा हे ठरवताना कळलं की परीक्षा विभाग त्यावर पत्रं पाठवतो आणि वसतिगृह विभाग त्यावरून अंतर ठरवतो. म्हणजे दोघांना दोन वेगळे पत्ते हवे होते आणि इतकी वर्षं एकाच रकान्यावर दोघांनी भागवलं.

दोन_टोकं

मग ते दोन प्रश्न आहेत, एक नव्हे. 'तुम्हाला पत्र कुठे पाठवायचं?' आणि 'तुम्ही घरून येता तर कुठून येता?' असं सरळ विचारा. शब्द निवडायची गरजच पडणार नाही.

आणि एक विसरू नका. कागदाच्या कोपऱ्यात आवृत्ती छापा आणि स्क्रीनवर पहिला रकाना आवृत्तीचाच ठेवा. गोडाऊनमधले जुने अर्ज संपेपर्यंत दोन्ही येत राहतील. आवृत्तीप्रमाणे पडद्याने आपला क्रम बदलावा.

खिडकी_तीन

जुन्या अर्जावर आवृत्ती छापलेलीच नाही. पण त्याच्या शेवटच्या पानावर सहीची जागा डावीकडे आहे, नव्यात उजवीकडे घेणार आहोत. तोवर त्यावरूनच ओळखू. जुन्या गठ्ठ्यांवर रबरी शिक्का मारायचं मी आज विचारलं, परवानगी मिळाली. उद्या सकाळी गोडाऊन उघडतंय, आम्ही तिघं शिक्के घेऊन जातोय.

ऐकून_वाचते

ताई, शिक्का मारून झाला की नव्या अर्जाच्या सूचना मजकूर म्हणून एकदा इथे टाकाल का? फोटो नको. मी आणि भाऊ पुन्हा तसेच फोनवर बसून, तो कागद घेऊन आणि मी स्क्रीनवर, भरून बघतो आणि कुठे अडलो ते प्रश्नाच्या क्रमांकासकट कळवते.